दुखण्याचे शब्द

तुमच्या आईला कळ आली की ती कोणत्या भाषेत विव्हळते? थांबा, लगेच 'मराठीत' म्हणून पान उलटू नका. तिला विव्हळताना तुम्ही कधी नीट ऐकलं आहे का, एवढं आधी सांगा. मी ऐकलं नव्हतं. आणि मी तर तिच्या भाषेत कविता लिहीत होते.

आम्ही अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नला राहायचो. एका रांगेत आठ घरं, त्यातलं आमचं सहावं. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक, मागे दोन हात गवत, मग कुंपण, आणि कुंपणापलीकडे डेटा सेंटर. खिडक्या नसलेली राखाडी इमारत, आमच्या गावच्या डोंगराएवढी लांब. तिच्या छपरावरचे पंखे सतत घुमायचे. आवाज मोठा नव्हता, पण तो कधी थांबायचा नाही. पाहुणे आले की पहिला अर्धा तास विचारत राहायचे, काही चालू राहिलंय का घरात. वडील अशाच दुसऱ्या एका इमारतीत यंत्रं थंड ठेवायच्या कामावर होते, त्यामुळे त्यांना तो आवाज पगारासारखा वाटायचा, आला म्हणजे बरं. मायला मात्र तो सोसत नसे. "हा कसला समुद्र," ती म्हणायची, "ह्याला भरतीच आहे, ओहोटी कधी लागतच नाही. मग माणसानं चिंबोऱ्या धरायच्या कधी?"

तिचं स्वयंपाकघर म्हणजे एक बारीक लढाईच होती. सुकट भाजायची म्हटलं की आधी छतावरच्या धुराच्या अलार्मला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घालायची, मग थंडी असो की बर्फ, मागचं दार उघडायचं, मग तवा ठेवायचा. बांगडे कोरियन दुकानातून यायचे, दगडासारखे गोठलेले. ते सिंकमध्ये ठेवून ती त्यांना उठवायची, अक्षरशः, बोटानं टोचत, "उठा, उठा, आलं गाव" असं म्हणत. तांदळाच्या भाकरीला इथलं पीठ मानवत नव्हतं आणि इथला पांढरा कांदा तिच्या मते दिसायलाच पांढरा, स्वभावानं लाल. एकदा सोसायटीकडून 'स्वयंपाकाच्या वासाबद्दल' पत्र आलं. वडिलांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि आपल्या पत्रकांच्या गठ्ठ्यात विरोधकांच्या बाजूला ठेवून दिलं.

त्या गठ्ठ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण मी त्यावर वाढले. आम्ही कोर्लईचे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी आमची वाडी. वडील तरुण असताना एका कंपनीला किनाऱ्यालगतची शेतं हवी होती. वडील अलिबागच्या छापखान्यात बसून पत्रकं लिहायचे, गुलाबी आणि पिवळ्या कागदावर छापून घ्यायचे आणि सायकलवरून वाटायचे. अमेरिकेला येताना मायने मसाला आणला, त्यांनी पत्रकं आणली. मला मराठी वाचायला शिकवायला घरात दुसरं पुस्तक नव्हतं. इतर मुलं ससा आणि कासव वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. प्रत्येक पत्रकाची सुरुवात प्रश्नाने व्हायची, "गावकऱ्यांनो, तुमच्या बांधावर उद्या कोणाचं कुंपण असेल?" आणि शेवटी एकच ओळ असायची: वाचून ठेवून देऊ नका, शेजाऱ्याला द्या. मला आजही प्रश्न विचारल्याशिवाय लिहायला सुरुवात करता येत नाही. तुम्हाला आता कळलंच असेल.

पण आमच्या घरातली भाषा पत्रकांची नव्हती. काही शतकांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज शिपाई आले, इथल्या बायकांशी त्यांची लग्नं झाली, पुढे किल्ला पडला आणि शिपाई गेले. शब्द मागे राहिले आणि हळूहळू मराठीच्या चालीने चालू लागले. त्या भाषेला आम्ही नौ लिंग म्हणतो, म्हणजे आपली भाषा. तिची शाळा नाही, तिचं पुस्तक नाही. चर्चमधली प्रार्थनासुद्धा मराठीत. तिच्यात आईला माय म्हणतात आणि वडिलांना पाय. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात मी "पाय, पाय" अशी हाक मारली तेव्हा पोरं हसून लोळली. परतताना गाडीत वडील एवढंच म्हणाले, "बाहेर पप्पा म्हणत जा." मग ते घरातही पप्पाच झाले. मायला मात्र कोणी हसलं नाही, म्हणून ती माय राहिली.

वडिलांचा हट्ट समजून घ्या. पत्रकांच्या त्या दिवसांत कंपनीच्या माणसांनी गावच्या भिंतीवर लिहिलं होतं, 'फिरंग्यांना जमीन कशाला?' त्यानंतर त्यांनी आयुष्यभर एकच उत्तर दिलं: आम्ही मराठी. कोणत्याही अर्जावर, कोणालाही, न विचारता. घरात ते मायशी नौ लिंगमध्ये बोलायचे, पण कुजबुजत, आणि माझ्याशी मराठीतच. त्यामुळे मला ती भाषा आली ती मायच्या हाताखाली, ओट्याजवळ उभी राहून: मासा, मीठ, पाणी, सुरी, जा, ये, मेलीस कुठे. आमच्यातली बोलणी मी इथे मराठीत देते आहे, पण ऐकताना ती त्या भाषेत ऐका.

सोळाव्या वर्षी मला साक्षात्कार झाला की मी कवी आहे. शाळेत एका शिक्षिकेने विचारलं होतं, घरी कोणती भाषा, आणि मी पहिल्यांदाच वडिलांचं उत्तर न देता खरं उत्तर दिलं. तिने इंटरनेटवर शोधलं आणि डोळे मोठे करून म्हणाली, ही तर मरणाऱ्या भाषांमध्ये आहे. झालं. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला यापेक्षा जास्त काय लागतं? मी त्याच दिवशी वही आणली आणि देवनागरीत, कानाला येईल तसं, लिहायला लागले. पहिली कविता जुलमाविरुद्ध होती. मायला वाचून दाखवली. ती बांगड्यांची आतडी काढत होती. ऐकलं, हात थांबवला नाही.

"हे कोण बोलतंय?"

"मी."

"तू अशी बोलत नाहीस. कोणीच असं बोलत नाही. मासळीवालीला हे सांगितलंस तर ती तुला मासा देईल का?"

"माय, ही कविता आहे. मासा नको आहे मला."

"मग कशाला एवढी ओरडतेस?"

हीच तिची शिकवण्याची पद्धत होती. हात कामात असतील तरच ती भाषेबद्दल बोलायची. रिकाम्या हाताने विचारलं तर म्हणायची, मला काय येतं, मी चौथी नापास. मी ओळ वाचायची, तिने ती पुन्हा म्हणायची, जशी बाजारात किंवा बांधावर म्हणता येईल तशी, आणि मी तिच्या तोंडची लिहून घ्यायची. निम्म्या ओळी या परीक्षेत मरायच्या. ज्या जगायच्या त्या इतक्या साध्या असायच्या की मला लाज वाटायची. एक गोष्ट तिला अजिबात चालत नसे. शब्द येत नसला की मी मराठी शब्दाला थोडा वाकवून, शेपूट लावून, तिथे बसवून द्यायची आणि वेगाने पुढे जायची. ती लगेच पकडायची. "इथे उडी मारलीस. येत नसेल तर विचार. रचू नकोस." मी मान हलवायची आणि पुढच्या पानावर पुन्हा रचायची. चांगलं रचायची. मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी मंडळाने मराठी दिनाला मुलांचं काव्यवाचन ठेवलं. रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या शुभदाकाकूंनी माझं नाव घेतलं. पुण्याच्या, बोलायला गोड आणि कामाला वाघ. मी स्टेजवर गेले आणि कोणाला न विचारता मराठी कवितेऐवजी वहीतली वाचली. आधी भाषण ठोकलं: एक भाषा तुमच्या डोळ्यांदेखत मरते आहे आणि मी तिची कवी आहे. मग कविता. ती कविता मी इथे देणार नाही. तुम्हाला ती गोड वाटेल, आणि गोड वाटलं की आपलं काम संपलं असं वाटतं. टाळ्या भरपूर पडल्या. खाली उतरल्यावर शुभदाकाकूंनी मला जवळ घेतलं.

"अगं किती क्यूट! मला सगळं कळलं नाही, पण फील आला. कोंकणी ना?"

"नाही काकू."

"मग गोव्याचे ना तुम्ही ओरिजिनली? मी ह्यांना कधीची म्हणतेय, सरनेमवरून वाटतंच."

वडील समोसा हातात धरून शेजारी उभे होते. त्यांनी समोसा डिशमध्ये परत ठेवला. गाडी चालू करताना ते म्हणाले, "वीस वर्षं मी लोकांना सांगतोय आम्ही मराठी. तू पाच मिनिटांत फिरंगी करून टाकलंस."

"खरं ते सांगितलं, पप्पा. तुमच्याच पत्रकात लिहिलंय, भिऊन गप्प बसणं ही अर्धी हार."

"माझं पत्रक मला शिकवू नकोस." मग जरा वेळाने, "आणि तुला येते तरी किती ती? तीनशे शब्द? सगळे ओट्यावरचे."

मागे बसलेली माय हसली. मला ते हसणं फार लागलं. मी ठरवलं की आता या घरात नौ लिंगची जाणकार मीच. हे दोघं तिला लपवतात, मी तिला मिरवते. मायला प्रश्न विचारणं मी बंद केलं. वही भरत राहिली. आज त्या पानांकडे पाहते तेव्हा दिसतं, त्यात मायच्या तोंडची एकही ओळ नाही.

त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी तिला ताप आला. मधुमेह होताच. ती म्हणायची काही नाही, थकवा आहे, आणि गोळ्या घेऊन ओट्याशी उभी राहायची. एका शनिवारी सकाळी ती जिन्यावर बसली आणि उठेना. आम्ही तिला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. निघताना तिने सवयीप्रमाणे तापाच्या दोन गोळ्या घेतल्या, म्हणून तिथे पोचलो तेव्हा अंग गार होतं. काउंटरवर वडिलांनी अर्ज भरला. भाषेच्या चौकटीत 'मराठी' लिहिलं, न थांबता, आयुष्यभर लिहिलं तसं. मग ते गाडी पार्क करायला गेले.

नर्सने आम्हाला आत घेतलं. एका स्टँडवर टॅबलेट होता, त्यावर हेडफोन लावलेली एक बाई उगवली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "नमस्कार ताई, काय त्रास होतोय?" मायने डोळे उघडले आणि बोलायला लागली. नौ लिंगमध्ये. तिला छान मराठी यायची, पण तापात माणूस सगळ्यात आधी शिकलेल्या भाषेत जातो. ती भरभर, कुजबुजत, बरंच काही बोलली. पडद्यावरची बाई गोंधळली. "बाळा," ती मला म्हणाली, "हे मराठी नाहीये गं. एखादा शब्द लागतोय, पण मला असं अंदाजाने सांगता येणार नाही." तिने इंग्रजीतही नर्सला तेच सांगितलं. त्या अनोळखी बाईचा मी आजही मनातल्या मनात आदर करते. तिला येत नव्हतं आणि ती म्हणाली, येत नाही.

नर्स माझ्याकडे वळली. "तुला कळतं का ही काय बोलते?"

मी म्हणाले, "हो."

मला तीन शब्द कळले होते: थंडी, भात, आणि माझं नाव, लीना. बाकी सगळा काळोख. ओट्याजवळ मी तिला कधी कण्हताना ऐकलंच नव्हतं. ती माझ्यासमोर दुखणं दाखवायची नाही. तिच्या भाषेत पाठ कशी दुखते, कळ कुठून कुठे जाते, किती दिवस झाले, हे शब्द माझ्या तीनशेत नव्हते. वडील पार्किंगमध्ये होते. मी म्हणू शकले असते, थांबा, ते येतील. पण सहा-सात आठवड्यांपूर्वी मी माइकवर सांगितलं होतं की मी या भाषेची कवी आहे. मी तीन शब्द घेतले आणि उरलेलं रचलं. सुरेख, सलग इंग्रजीत रचलं: तिला थंडी वाजतेय, सकाळपासून डोकं दुखतंय, जेवण गेलेलं नाही, माझी काळजी करते आहे. नर्सने लिहून घेतलं. नर्सची काही चूक नाही, तिने मी सांगितलं तेच लिहिलं. मायने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, तिला बरं वाटलं.

वडील आले. "सांगितलंस सगळं?"

"हो पप्पा."

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. सकाळपासूनची डोकेदुखी म्हणजे घाईचं काही नव्हतं. तीन तासांहून जास्त वेळ आम्ही त्या निळ्या खुर्च्यांवर बसलो. मग गोळीचा असर उतरला आणि ती अशी कापायला लागली की खुर्ची जमिनीवर वाजली. तिने वडिलांचा हात धरला आणि पुन्हा तेच बोलली, त्याच शब्दांत. मी वडिलांचा चेहरा बघत होते. तो चेहरा मी लिहू शकत नाही, आणि इथे मी रचणार नाही. ते उठले आणि काउंटरकडे पळत, सगळ्या लोकांसमोर, मराठीत, इंग्रजीत आणि शेवटी नौ लिंगमध्ये ओरडू लागले. "चार दिवस! चार दिवस झाले म्हणते ती! पाठीत, कुशीत! लघवीला आग होते! जेवली की थंडी भरून येते!" आणि सगळ्यात शेवटी ती जे म्हणाली होती ते त्यांनी मला नंतर सांगितलं: लीनाला घाबरवू नका.

संसर्ग मूत्रपिंडातून रक्तात गेला होता. अकरा दिवसांनी ती घरी आली, पण मूत्रपिंडं परत आली नाहीत. ते तीन तास आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी एका डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. मी या उत्तराबरोबर राहते. त्याला भरती आहे, ओहोटी नाही.

मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. चार-चार तास ती खुर्चीत पडून असायची, एक हात सुयांनी बांधलेला, दुसरा मोकळा. वडील खाली गाडीत बसायचे. आत यायला धजत नसत. मी वही घेऊन शेजारी. दुसऱ्या महिन्यात मी कबूल केलं. म्हटलं, माय, त्या दिवशी मला काही कळलं नव्हतं. मी मनाने सांगितलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"फार सरळ बोलत होतीस. माझं दुखणं मलासुद्धा इतकं सरळ सांगता येत नाही. अडखळली असतीस तर मला वाटलं असतं, खरं सांगतेय."

"मग बोलली का नाहीस?"

ती थोडा वेळ नळीतून जाणारं आपलं रक्त बघत राहिली. "माझी पोर माझ्यासाठी बोलत होती. मध्ये कशी बोलू?"

त्या दिवसापासून मी लिहायला शिकले. सुकट नव्हती, तवा नव्हता, तरी आता ती रिकाम्या हाताने बोलायला लागली. सुई आत जाते तेव्हा काय म्हणायचं, उठताना डोळ्यांपुढे येतं त्याला काय म्हणायचं, घरी पोचल्यावर हाडांत मागे उरतं ते काय. काही शब्द गावाचे होते. काही तिने त्या खुर्चीतच घडवले होते, हे मला फार नंतर कळलं. जो शब्द मला लागत नसे तिथे मी मोकळी जागा सोडायचे. काही जागा ती पुढच्या खेपेला भरायची. काही आजही मोकळ्या आहेत, आणि माझ्या कवितांत त्या मोकळ्याच छापल्या आहेत. संपादक विचारतात, इथे काही राहिलंय का? हो, राहिलंय.

तिसऱ्या वर्षी केंद्र बदलावं लागलं. नव्या ठिकाणी पुन्हा अर्ज. वडील त्या दिवशी पहिल्यांदा आत आले. भाषेच्या चौकटीपाशी त्यांचं पेन थांबलं, आणि मला आठवतं तेव्हापासून ते तिथे पहिल्यांदाच थांबलं. मग त्यांनी 'मराठी' लिहिलं, आणि पुढे जागा नव्हती म्हणून समासात, उभ्या रेघेपलीकडे, इंग्रजी अक्षरांत लिहिलं: नौ लिंग. काउंटरवरच्या मुलीने ते बघितलं. "सर, हे आमच्या लिस्टमध्ये नाही."

"म्हणून तर लिहिलंय," वडील म्हणाले. माय चाकांच्या खुर्चीत बसली होती. ती मला हळूच म्हणाली, "हे मासळीवालीला सांगता येईल."

पुढच्या थंडीत ती गेली. घरामागचा आवाज अजून चालू आहे. मी ओट्याशी उभी राहून तिची वाक्यं मोठ्याने म्हणते. वडील दुसऱ्या खोलीतून चुका सुधारतात. आम्ही दोघंच.

आता तुमचं काम. तुमच्या घरात कोणीतरी आहे, जे अर्जावर एक भाषा लिहितं आणि तापात दुसरी बोलतं. अहिराणी असेल, वऱ्हाडी असेल, कातकरी असेल, किंवा फक्त तुमच्या आजोळच्या चार घरांची बोली. आज त्यांच्याजवळ बसा. वही घेऊन बसा. विचारा, पोटात कळ आली तर तू काय म्हणतेस? आग होते तेव्हा? किती दिवस झाले, हे कसं सांगतेस? ती म्हणेल, मला काय येतं. तिच्या हातात निवडायला भाजी द्या आणि पुन्हा विचारा. जसं ऐकाल तसं लिहा, अडखळत लिहा. पुढच्या अर्जावर ती भाषा लिहा, चौकटीत मावत नसेल तर समासात. हे वाचून ठेवून देऊ नका, शेजाऱ्याला द्या. आणि जो शब्द कळणार नाही तिथे जागा मोकळी सोडा. तिथे काही रचू नका.